घरातल्या भांड्यांत कॉफी कॉकटेल

कॉफी कॉकटेलचा विषय निघाला की एस्प्रेसोचे मशीन, स्टीलचा शेकर, मापाचा जिगर अशी यादी पुढे येते आणि घरी करून पाहण्याचा विचार बहुतेक जण तिथेच सोडून देतात. खरे तर या पेयांची चव तीन गोष्टींवर ठरते: कॉफीचा अर्क पुरेसा कडक आहे का, तो योग्य तापमानाला आहे का आणि बर्फाचे पाणी त्यात हवे तेवढेच उतरले आहे का. ही तिन्ही कामे पातेले, चहाची गाळणी, घट्ट झाकणाचा डबा आणि चमचा एवढ्या साहित्यात उत्तम होतात. घरगुती कॉकटेल फसते ते बहुतेक वेळा उपकरणाअभावी नव्हे, तर पातळ कॉफीमुळे फसते, म्हणून या लेखात सर्वाधिक जागा कॉफीच्या अर्काला दिली आहे.

सुरुवातीलाच एक आवश्यक गोष्ट. महाराष्ट्रात रम, व्होडका, व्हिस्की यांसारखे कडक मद्य घेण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मद्यसेवनाचा परवानाही लागतो. गोव्यात वयाची अट १८ वर्षांची आहे. पुढील प्रमाणे एका ग्लासाची आहेत आणि ती आपल्याकडे मिळणाऱ्या ४२.८ टक्के तीव्रतेच्या मद्याला धरून दिली आहेत.

कॉफीचा अर्क

आपण एरवी पितो ती कॉफी कॉकटेलमध्ये चालत नाही. तीत मद्य मिसळले, वर बर्फाचे पाणी मिसळले की तिचा केवळ रंग उरतो. एस्प्रेसो मशीन सुमारे ९ बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळपास नऊपट, दाबाने गरम पाणी बारीक दळलेल्या कॉफीतून ढकलते आणि जेमतेम ३० मिलिलिटर दाट अर्क देते. तो दाब घरी निर्माण करता येत नाही, परंतु पाणी कमी आणि पूड जास्त घेतल्यास कडकपणाच्या बाबतीत त्याच्या बरेच जवळ जाता येते.

सर्वांत सोपा मार्ग इन्स्टंट कॉफीचा आहे आणि या कामासाठी तो कमी प्रतीचा मानण्याचे काहीही कारण नाही. चहाचे दोन सपाट चमचे इन्स्टंट कॉफी ४५ मिलिलिटर कडकडीत गरम पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि थंड होऊ द्यावी. इन्स्टंट कॉफीला हलवल्यावर फेसही चांगला येतो, आणि शेक करून करायच्या पेयांत ही मोठीच सोय आहे. विकत घेताना पाकिटावर कॉफी आणि चिकोरी (कॉफीत मिसळली जाणारी एका भाजलेल्या मुळाची पूड) यांचे प्रमाण पाहावे. चिकोरीमुळे रंग गडद होतो आणि अर्काला दाटपणा येतो, त्यामुळे दूध किंवा सायीच्या पेयांत ती चांगली लागते. लिंबाच्या किंवा टॉनिक वॉटरच्या, म्हणजे कडसर फसफसत्या पाण्याच्या, पेयांत मात्र तिचा कडवटपणा वेगळा जाणवत राहतो, म्हणून तिथे शुद्ध कॉफीच घ्यावी.

घरात दक्षिणी पद्धतीचा स्टील किंवा पितळेचा फिल्टर असेल तर त्याहून चांगले. वरच्या भांड्यात सुमारे २० ग्रॅम पूड, म्हणजे पोहे खायच्या चमच्याने तीन-चार भरलेले चमचे, घालून ती हलक्या हाताने दाबावी आणि वर १०० मिलिलिटर उकळते पाणी ओतावे. पूड स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली ६० मिलिलिटरच्या आसपास डिकॉक्शन उतरते. ते उतरायला वीस मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. घाई म्हणून वरून आणखी पाणी ओतल्यास अर्क पातळ होतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

फिल्टर नसेल तर पातेले पुरे. १२० मिलिलिटर पाणी उकळून गॅस बंद करावा, त्यात २० ग्रॅम पूड घालून एकदा ढवळावे, झाकण ठेवून पाच मिनिटे थांबावे आणि मग ओल्या मलमलच्या कापडातून गाळावे. पूड घातल्यावर पाणी पुन्हा उकळू नये, कारण उकळलेल्या पुडीतून जो राकट कडूपणा उतरतो तो साखरेनेही झाकला जात नाही. गाळून झाल्यावर कापड पिळण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण पिळल्याने बारीक गाळ अर्कात येतो आणि पेयाच्या शेवटच्या घोटाला जिभेवर रेती लागल्यासारखे वाटते.

ज्यांच्याकडे एक रात्र हाताशी आहे त्यांच्यासाठी थंड अर्काची पद्धत आहे. ५० ग्रॅम जाडसर पूड ४०० मिलिलिटर साध्या पाण्यात कालवून झाकून फ्रिजमध्ये बारा ते सोळा तास ठेवावी आणि कापडातून गाळावी. थंड पाण्यात कडूपणा आणि आंबटपणा दोन्ही कमी उतरतात, त्यामुळे हा अर्क सौम्य लागतो. उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये तयार ठेवणे सोयीचे पडते. मात्र तो डिकॉक्शनइतका कडक नसतो, म्हणून पुढील कृतींत तो वापरताना प्रमाण दीडपट धरावे.

पुडीबद्दल आणखी थोडे. चिकमगळूर आणि कोडगूची अरेबिका सुवासिक व किंचित आंबटसर असते, तर रोबस्टा अधिक कडू, दाट आणि कॅफिनच्या बाबतीत जवळपास दुप्पट असते. भारतातील कॉफीच्या उत्पादनात मोठा वाटा रोबस्टाचाच आहे. रम किंवा व्हिस्कीच्या तोडीस उभी राहील अशी कॉफी हवी असेल तर माझी पसंती रोबस्टा मिसळलेल्या पुडीला आहे. नुसती हलकी भाजलेली अरेबिका मद्याखाली दबून जाते.

माप, डबा, बर्फ आणि साखर

मापासाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणारे खुणांचे छोटे प्लास्टिकचे झाकण स्वच्छ धुऊन वापरावे. त्यावर ५, १० मिलिलिटरच्या रेषा असतात आणि त्या अचूक असतात. ते नसल्यास चहाचा मापाचा चमचा ५ आणि मोठा मापाचा चमचा १५ मिलिलिटरचा असतो, हे लक्षात ठेवावे. अंदाजाने बाटली वाकवू नये. मद्य १५ मिलिलिटर जास्त पडले तरी कॉफीचा तोल जातो आणि आपण किती घेतले याचा हिशोबही राहत नाही.

शेकरऐवजी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा जाड काचेची लोणच्याची बरणी घ्यावी. लोणच्याचा वास पूर्ण गेला आहे याची खात्री मात्र करून घ्यावी, कारण हिंगाचा वास झाकणाच्या रबरात दीर्घकाळ बसून राहतो. डबा द्रवाने निम्म्याहून अधिक भरू नये. गरम कॉफी बंद डब्यात कधीही हलवू नये. आतली हवा तापून प्रसरण पावते, झाकण उडते आणि हात भाजतो. उलट थंड पेय हलवल्यावर आतली हवा आकुंचन पावते आणि झाकण आत ओढले जाऊन घट्ट बसते. अशा वेळी ते ओढत न बसता झाकणाच्या कडेवर पळीने हलके ठोकावे किंवा त्यावरून कोमट पाणी सोडावे.

बर्फ फ्रीजरमधून थेट डब्यात गेला पाहिजे. ट्रे बाहेर काढून ठेवला की खडे पाणावतात आणि तेच पाणी पेयात जाते. घरच्या ट्रेमधील खडे लहान असल्याने लवकर वितळतात, म्हणून बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवणे पुरेसे आहे. तेवढ्या वेळात पेयात साधारण पाव हिस्सा पाण्याची भर पडते आणि मद्याची धार मवाळ होण्यासाठी ती हवीच असते. ग्लासात घालायचा बर्फ मोठा हवा असेल तर स्टीलच्या छोट्या वाटीत पाणी गोठवावे आणि वाटी क्षणभर नळाखाली धरून गोळा सोडवावा.

साखर थंड पेयात विरघळत नाही, म्हणून समान मापाची साखर आणि पाणी गरम करून साखर विरघळताच गॅस बंद करावा. याला तार येऊ द्यायची नाही. गुळाचे पाणीही याच रीतीने करता येते आणि रमच्या पेयात ते फार छान लागते. ते गाळून घ्यावे आणि दुधाच्या पेयात घालू नये, कारण गुळाने दूध फाटण्याचा धोका असतो.

एस्प्रेसो मार्टिनी

हे पेय १९८० च्या दशकात लंडनमधील सोहो ब्रासरीत डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने तयार केले. आरंभी त्याचे नाव व्होडका एस्प्रेसो असे होते. व्होडका, कॉफी लिक्युअर (कॉफीच्या स्वादाचे गोड मद्य), साखरेचे पाणी आणि ताजी एस्प्रेसो एवढेच त्यात असते, आणि त्याची ओळख म्हणजे वरचा दाट, बदामी फेस.

डब्यात ४५ मिलिलिटर व्होडका, २० मिलिलिटर कॉफी लिक्युअर, ४५ मिलिलिटर थंड कडक कॉफी आणि ५ ते १० मिलिलिटर साखरेचे पाणी घ्यावे. लिक्युअर नसेल तर साखरेचे पाणी १५ मिलिलिटर करावे. डबा नॅपकिनमध्ये गुंडाळावा, सात-आठ खडे बर्फ घालावा आणि दोन्ही हातांनी धरून, द्रव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आपटेल अशा रीतीने हलवावे. गोल फिरवल्याने पेय थंड होते, पण फेस येत नाही. फेस येण्यासाठी हवा द्रवात कोंडली जावी लागते आणि कॉफीत विरघळलेले घटक त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. डब्याचा पृष्ठभाग हाताला बोचण्याइतका गार झाला की थांबावे आणि चहाच्या गाळणीतून, आधी फ्रीजरमध्ये ठेवलेल्या ग्लासात एका दमात ओतावे. हळूहळू ओतल्यास फेस डब्यातच मागे राहतो. अर्ध्या मिनिटात पेय दोन थरांत वेगळे होताना दिसते: खाली काळसर द्रव आणि वर बोटभर फेस.

डिकॉक्शनने केलेल्या पेयाला हा फेस थोडा कमी येतो. त्यावर आपल्या घरांत पूर्वापार चालत आलेला उपाय आहे, तो म्हणजे फेटलेली कॉफी. दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर आणि दोन चमचे गरम पाणी वाटीत घेऊन चमच्याने फेटत राहावे. पहिली दोन मिनिटे काहीच होत नाही असे वाटते. मग गडद तपकिरी रंग हळूहळू फिकट होऊ लागतो, मिश्रण चमच्याला चिकटून वर येते आणि सात-आठ मिनिटांत वाटी उलटी केली तरी पडणार नाही इतके घट्ट होते. याचा एक चमचा गाळलेल्या पेयावर अलगद ठेवावा आणि तेवढी साखर पेयातून आधीच कमी करावी.

आयरिश कॉफी

आयरिश कॉफीचे श्रेय आयर्लंडमधील लिमरिक परगण्यातल्या फॉइन्सच्या समुद्री विमानतळावरील आचारी जो शेरिडन यांना दिले जाते. १९४० च्या दशकात थंडीने गारठलेल्या प्रवाशांसाठी त्यांनी कॉफीत व्हिस्की घालून वर साय सोडली. पुढे १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युना व्हिस्टा कॅफेत हे पेय करून पाहण्यात आले, तेव्हा साय सारखी तळाशी जात होती. घरी करणाऱ्याची अडचण नेमकी हीच असते, म्हणून तिचे कारण समजून घेणे उपयोगाचे आहे.

साय तरंगते ती दोन कारणांनी. पहिले कारण कॉफीतली साखर: ती कॉफीची घनता वाढवते, त्यामुळे बिनसाखरेच्या आयरिश कॉफीवर साय टिकवणे अवघड जाते. दुसरे कारण सायीत कोंडलेली हवा. आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या ताज्या क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो आणि ते केकवरच्या क्रीमसारखे उभे राहत नाही, परंतु इथे त्याची गरजही नाही. खोके रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे, न हलवता उघडून वरचे घट्ट क्रीम काढून घ्यावे आणि थंड बरणीत घालून मिनिटभर जोरात हलवावे. चमच्यावरून ते संथ धारेने पडू लागले की झाले. घरच्या दुधावरची साय वापरायची असेल तर ती ताजी असावी आणि गुठळ्या मोडेपर्यंत थोड्या थंड दुधात घोटून गाळून घ्यावी. चव सुरेख येते, मात्र जास्त घोटल्यास लोणी निघते.

काचेचा जाड ग्लास गरम पाण्याने विसळावा, त्यात दोन चमचे साखर आणि १२० मिलिलिटर गरम काळी कॉफी घालून साखर पूर्ण विरघळवावी. ही कॉफी मार्टिनीच्या अर्काइतकी कडक नको. अर्काच्या एका हिश्शाला एक हिस्सा गरम पाणी पुरे. मग ४५ मिलिलिटर आयरिश व्हिस्की घालावी. ग्लास काठापासून दोन बोटे रिकामा असावा. चमचा पालथा करून त्याचे टोक कॉफीला जेमतेम टेकवावे आणि त्याच्या पाठीवरून क्रीम सोडावे. नंतर ढवळायचे नाही. थंड सायीतून गरम कॉफी ओठाला लागणे हीच या पेयाची गंमत आहे.

जायफळ आणि रम

दुधाच्या कॉफीत जायफळ घालण्याची महाराष्ट्रीय घरांतली पद्धत या संपूर्ण विषयात मला सर्वांत मोलाची वाटते, कारण पाश्चात्त्य बारमध्येही ब्रँडी आणि सायीच्या ब्रँडी अलेक्झांडर या पेयावर जायफळच किसून घालतात. काळ्या रममधील व्हॅनिला आणि जळक्या साखरेच्या वासाशी जायफळ आपोआप जुळते.

१०० मिलिलिटर सायीचे दूध, दोन चमचे साखर आणि चिमूटभर किसलेले जायफळ एकत्र उकळावे, ४५ मिलिलिटर डिकॉक्शन घालून लगेच गॅस बंद करावा आणि पातेले शेगडीवरून उतरवल्यानंतरच त्यात ३० ते ४५ मिलिलिटर काळी रम मिसळावी. पेटत्या गॅसवर मद्य ओतणे धोक्याचे आहे, कारण अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळते आणि त्याची वाफ पेट घेऊ शकते. जायफळ सहाणेवर दुधात दोन वेढे उगाळून घातल्यास वास अधिक सारखा पसरतो. प्रमाण चिमटीपेक्षा वाढवू नये. जास्त जायफळ कडू तर लागतेच, शिवाय अंगालाही बाधते. हेच मिश्रण रम घालण्यापूर्वी गार करून बर्फासोबत हलवले की उन्हाळ्यातील पेय तयार होते.

लिंबू, टॉनिक आणि फेणी

अल्जीरियातील मझाग्रान या गावाच्या नावाने ओळखली जाणारी थंड कॉफी पोर्तुगालमध्ये लिंबू घालून पितात आणि तीत कधी रमही असते. आपल्या हवेला ती फार मानवते. ६० मिलिलिटर शुद्ध कॉफीचा अर्क, २० मिलिलिटर साखरेचे पाणी, १० मिलिलिटर लिंबाचा रस आणि ३० मिलिलिटर पांढरी रम भरपूर बर्फावर ओतून ढवळावे; रम वगळली तरी हे पेय तितकेच चांगले लागते. लिंबू आयत्या वेळी पिळावे.

जिन आणि टॉनिकमध्ये कॉफी घालायची असेल तर ग्लासात आधी बर्फ, जिन आणि टॉनिक घ्यावे व कॉफी शेवटी चमच्यावरून सोडावी, नाहीतर फेस उसळून ग्लासाबाहेर येतो.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा वास अतिशय ठळक असल्याने कॉफीसोबत ती २० मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये. मझाग्रानमध्ये रमऐवजी फेणी आणि साखरेऐवजी गुळाचे पाणी हे मिश्रण जमते. दुधाच्या कॉफीत फेणी मला पटत नाही.

घरचे कॉफी लिक्युअर

कहलुआ हे विकतचे मेक्सिकन कॉफी लिक्युअर महाग वाटत असेल तर घरी करणे सोपे आहे. २०० ग्रॅम साखर २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून गॅस बंद करावा, त्यात मोठे चार चमचे इन्स्टंट कॉफी मिसळावी आणि मिश्रण पूर्णपणे थंड होऊ द्यावे. नंतर ३०० मिलिलिटर काळी रम किंवा व्होडका आणि अर्धा चमचा व्हॅनिला इसेन्स घालून स्वच्छ बाटलीत भरावे. सुमारे सव्वासहाशे मिलिलिटर लिक्युअर तयार होते आणि त्याची तीव्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. आठवडाभर मुरल्यावर कॉफी आणि मद्य वेगवेगळे जाणवत नाहीत. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि महिना-दोन महिन्यांत संपवावी.

पाहुण्यांसाठी करताना

कॅफिनमुळे थकवा आणि गुंगी कमी जाणवते, परंतु रक्तातले अल्कोहोल त्याने कमी होत नाही. त्यामुळे माणसाला आपण शुद्धीवर आहोत असे वाटते आणि तो आणखी घेतो किंवा गाडीची किल्ली उचलतो. एका पेयात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन सहज असते, तर निरोगी प्रौढाने दिवसभरात ४०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्था सांगते. म्हणून माणशी दोन पेयांवर थांबावे, सोबत पाणी आणि खायला काही द्यावे आणि गाडी चालवणाऱ्याला बिनमद्याचे मझाग्रान द्यावे. गर्भवतींनी, तसेच हृदयाच्या किंवा झोपेच्या औषधांवर असलेल्यांनी ही पेये टाळावीत.

सहा जणांसाठी एस्प्रेसो मार्टिनी करायची असल्यास २७० मिलिलिटर व्होडका, १२० मिलिलिटर लिक्युअर, २७० मिलिलिटर थंड कॉफी आणि ४५ मिलिलिटर साखरेचे पाणी सकाळीच एका बाटलीत एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवावे. संध्याकाळी बाटली एकदा उलटीपालटी करून दोन-दोन ग्लासांपुरते मिश्रण, म्हणजे साधारण २३० मिलिलिटर, डब्यात घेऊन ताज्या बर्फासह हलवावे. प्रत्येक खेपेला बर्फ बदलावा, आणि उरलेले मिश्रण दुसऱ्या दिवशी वापरायचेच असेल तर त्यात ताज्या कॉफीचा एक चमचा वाढवावा, कारण रात्रभरात कॉफीचा सुवास बराच उतरतो.